मुळासकट अळंबी

माझ्या माहेरी अळंबीला कुत्र्याची छत्री म्हणत आणि दिसली की पायाने उडवत. माहेर येरवड्याचं. वडील कॅम्पातल्या एका बेकरीत भट्टीवर होते. मी चौथीपर्यंत शिकले, पुढे धाकटी भावंडं सांभाळली आणि मग लग्न होऊन हिंगण्याला आले. आता त्या भागाला कर्वेनगर म्हणतात. तेव्हा एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला टेकडी आणि मधे सासरची शेती होती.

लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात सासूबाईंनी काळ्या मसाल्याचं कालवण केलं. सुकं खोबरं भाजलं, लसूण ठेचला, वर तेलाचा तवंग. घरभर मटणाचा वास सुटला. मी वडिलांवर मनातून चिडले. श्रावण न पाळणाऱ्या घरात मुलगी दिली म्हणून. ताट पुढे आलं तशी मी मान खाली घालून फोडी उलटसुलट करत बसले. धाकटे दीर तेव्हा शाळेत जात होते. ते हसून म्हणाले, "आई, वहिनी हाड शोधतीय."

"हाड न्हाई त्याला," सासूबाई म्हणाल्या. "खा गं. श्रावण मोडत न्हाई. अळंबी हाय."

मी एक फोड खाल्ली आणि मग वाटीतला रस्सा भाकरीने पुसून घेतला. दाताखाली कोंबडीसारखी लागायची, पण चव कोंबडीची नव्हती. ओल्या मातीत भाजलेला शेंगदाणा पुरून ठेवावा आणि काढून खावा, तशी काहीतरी होती. पुढे शहरात प्लास्टिकच्या डब्यातली पांढरी बटणं मिळू लागली. तीही मी करून पाहिली. पाण्यात भिजवलेला कापूस चावल्यासारखं वाटलं. पुन्हा आणली नाहीत.

अळंबी ओळखायला मला सासूबाईंनी शिकवलं, पण त्यांची रीत उलटी होती. चांगली अळंबी कोणती ते त्यांनी मला पुष्कळ दिवस सांगितलंच नाही. बरोबर न्यायच्या आणि फक्त वाईट दाखवायच्या. "ही बघ. ही का टाकायची, सांग." मला सांगता आलं नाही तर त्या पुढे चालू लागायच्या. सांगत बसायच्या नाहीत. मी मागे थांबून बघायचं, हातात धरायचं, वास घ्यायचा आणि पळत जाऊन त्यांना गाठायचं.

शेणावर उगवतात त्या बारक्या, नाजूक, लांब मानेच्या. दिसायला गोजिरवाण्या. चिमटीत चोळल्या की त्यांचं काळं पाणी होतं. तेवढ्याच बारक्या चांगल्या अळंब्याही असतात. वारुळाच्या आसपास, सांडलेल्या तांदळासारख्या, एकदम खूप येतात. लोकांना त्या माहीतही नसतात, तुडवून जातात. त्या चोळल्या तरी घट्ट राहतात आणि ताज्या पिठाचा वास येतो. सूपभर वेचल्या तेव्हा कुठे एका माणसाची भाजी व्हायची, पण सासूबाई वाकून वाकून वेचायच्या. कंबर धरली तरी सोडायच्या नाहीत.

चराऊ माळावर गोल चेंडू यायचे. तो चेंडू वरून खाली मधोमध कापायचा. आत ओल्या खोबऱ्यासारखा अखंड पांढरा असला तर घ्यायचा. काळपट किंवा जांभळट असला तर टाकायचा. आणि कापल्यावर आत चिमुकल्या मिटलेल्या छत्रीचा आकार दिसला, तर नुसता टाकायचा नाही, सुरीही धुवायची. तो चेंडू नव्हेच. ती विषारी छत्रीची जात, अजून उघडलेली नाही इतकंच. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. बाहेरून दोन्ही सारखेच, एकाच गवतात, हातभर अंतरावर.

वारुळावरच एक वेगळी जात यायची, उभ्या मिटलेल्या छत्रीसारखी, पांढरी, खवल्यांची. कोवळी असताना चांगली. दोन दिवस उशीर झाला की आतून काजळी होते. तिचीही आम्ही भाजी करायचो, पण ती सगळ्यांना आवडायची नाही.

आणि मग खरी अळंबी. वारुळातून वर येणारी, मधे टोक असलेली, मोठी. तिची ओळख छत्रीत नाही. छत्रीवर तपकिरी डाग असतात, पण ते दुसऱ्यांवरही असतात. खालच्या चुण्या पांढऱ्या असतात, पण त्या दुसऱ्यांच्याही कोवळेपणी पांढऱ्याच असतात. दांड्यावर कधी कडं असतं, कधी नसतं. तिची ओळख मुळात असते. दांडा जमिनीत शिरला की संपत नाही. निमुळता होत होत खाली जातो, कोपरभर, कधी त्याहून खोल, थेट वाळवीच्या घरापर्यंत. तिथे वाळवीने केलेलं पोळ्यासारखं काहीतरी असतं, त्यातूनच ती उगवते. वाळवी नाही तर ती अळंबी नाही.

म्हणून सासूबाईंचा नियम होता की अळंबी खुडायची नाही, कापायची नाही. बाजूची माती खुरप्याने सैल करून, सावकाश, मुळासकट काढायची. घरी आल्यावर सुपात सगळ्या एका रांगेत मांडायच्या, मुळं एका बाजूला. जिचं मूळ मधेच तुटलं ती उकिरड्यावर, मग ती चांगल्या अळंबीला चिकटून उगवलेली का असेना. माझे यजमान कुरकुरायचे. "आई, अगं तिच्या शेजारीच होती की ही. बहीण तिची."

"बहिणी लग्नात दोन घरी जात्यात," सासूबाई म्हणायच्या. "मला मूळ दिसलं न्हाई. तुला दिसलं का?"

दिसलेलं नसायचं. टाकावी लागायची. चांगल्या चांगल्या अळंब्या मी त्या हातांनी उकिरड्यावर जाताना पाहिल्या आहेत. मला वाईट वाटायचं. त्यांनाही वाटत असणार, कारण घरात सगळ्यात जास्त आवड त्यांनाच होती.

इथे एक सांगून ठेवते. हे वाचून कुणी पिशवी घेऊन टेकडीवर जाऊ नये. मी वर्षानुवर्षं त्यांच्या मागे चालले, तरीही एकटीने आणलेली त्यांना दाखवल्याशिवाय कधी शिजवली नाही.

आमच्या शेतात फाटकाजवळ मोठं वारूळ होतं. नागपंचमीला त्याची पूजा व्हायची आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत अळंबी यायची. धाकटे दीर मानायचे की नागोबाच पाठवतो. पुढे जमीन गेली. आजूबाजूला सगळ्यांची गेली होती, कॉलेजं आणि सोसायट्या उभ्या राहत होत्या. घरात सगळे तयार झाले, शेवटी राहिले धाकटे दीर. त्यांनी सही केली, पण त्यानंतर त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. इमारती झाल्या, आम्हाला त्यातच घरं मिळाली. आम्ही आणि सासूबाई पहिल्या मजल्यावर, दीर-जाऊ वर. फाटकाजवळ बिल्डरने बाग केली. हिरवळ गुंडाळून ट्रकमधून आणली आणि सतरंजीसारखी अंथरली. नागपंचमी आली की दीर त्या हिरवळीच्या कोपऱ्यावर लाह्या ठेवून यायचे. वारूळ तिथेच खाली आहे, त्यांचं म्हणणं. कुणी वाद घातला नाही.

एका वर्षी नागपंचमी होऊन आठवडा झाला असेल. जाऊ माहेरी गेली होती. सकाळी मी पिठल्याची तयारी करत होते, तर दीर पिशवी घेऊन दारात. केस पांढरे झालेला माणूस, पण तोंड असं की पहिला नंबर आलाय.

"वहिनी, पिठलं राहू द्या. मसाला भाजा."

पिशवीत अळंब्या. पांढऱ्याशुभ्र, मोठ्या, मधे तपकिरी.

"कुठून आणल्या भाऊजी?"

"कुठून म्हणजे? आपल्या वारुळावरनं! फाटकापाशी, जिथं लाह्या ठेवतो ना, तिथंच. जिवंत हाय वारूळ. मी म्हणत होतो का न्हाई?"

मी एक उचलली. चुण्या पांढऱ्या. दांड्यावर कडं. खाली बघितलं तर दांडा सरळ कापलेला.

"मूळ कुठंय?"

"सुरीने कापल्या. उपटल्या असत्या तर हिरवळ उचकटली असती. मग सोसायटीच्या सेक्रेटरींचं व्याख्यान कोण ऐकणार?"

आवाज ऐकून सासूबाई भिंत धरत आल्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याने फारसं दिसत नव्हतं. खुर्चीवर बसल्या आणि हात पुढे केला. मी त्यांच्या तळहातावर अळंबी ठेवली. त्यांनी बोटाने टोपी चाचपली, कडं फिरवून पाहिलं, चुण्यांवरून अंगठा नेला, वास घेतला. पुष्कळ वेळ घेतला. त्यांनी आवंढा गिळला, तो मला दिसला. वारूळ गेल्यापासून त्यांच्या तोंडात अळंबी पडली नव्हती.

दीर वाट बघत उभे होते. मीही. मला वाटलं, आता हो म्हणणार.

"सांगता येत न्हाई," त्या म्हणाल्या.

"आई, जागा बघ की! जागा तीच हाय."

"मी जागा खाणार न्हाई. अळंबी खाणार हाय. मूळ कुटं?"

"अगं नागोबाने दिलीय ती."

"त्यानं मुळासकट दिली असंल. तू कापून आणलीस."

दिरांचा चेहरा उतरला, पण हट्ट उतरला नाही. "तुम्ही कुणी खाऊ नका. मी एकटा खातो. वहिनी करणार नसतील तर माझी मी करतो. काय व्हायचं ते मला होईल." आणि खरंच त्यांनी कढई काढली, गॅस लावला, तेल ओतलं. या घरात पाण्याचा तांब्याही हातात मिळणारा माणूस. मला कळलं की आता हा भुकेचा प्रश्न नाही. ती अळंबी खरी ठरली तर खाली त्यांचं शेत अजून जिवंत होतं. त्यासाठी त्या माणसाने काहीही गिळलं असतं.

सासूबाई उठल्या, चाचपत गॅसपाशी आल्या आणि बंद केला.

"खा," त्या म्हणाल्या. "मी अडवत न्हाई. पण मूळ दाखव आन् खा. देठं हायत न्हवं जमिनीत? चल, खणू."

"हिरवळीत? पाटी लावलीय तिथं."

"ते मी बघते. सुनबाई, खुरपं घे."

तुळशीच्या कुंडीसाठी ठेवलेलं खुरपं घेऊन आम्ही खाली उतरलो. सासूबाई लिफ्टमध्ये बसत नसत, एकेक पायरी करत आल्या. हिरवळीच्या कडेला पाटी होती: 'हिरवळ पाहण्यासाठी आहे. चालण्यासाठी रस्ता केलेला आहे.' ती लिहिणारे सेक्रेटरी छत्री घेऊन फाटकापाशीच उभे होते. बुधवार पेठेतलं जुनं घर सोडून आलेले, निवृत्त, एकटे. सोसायटीचं सगळं तेच बघायचे आणि नीट बघायचे.

"अहो आजी, पाटी वाचलीत का?"

"मला वाचाया येत न्हाई."

"मग मी वाचून दाखवतो."

"वाच बाबा. तवर मी खणते."

आणि त्या गुडघे टेकून बसल्या. सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "साहेब, हे दोघे कापलेली अळंबी घेऊन भांडतायत. माझे दीर म्हणतात खाणार. खाली मूळ असेल तर चांगली, नसेल तर विषारी असू शकते. एवढंच बघायचंय."

त्यांनी दिरांना वरून खाली पाहिलं. "खाणार? ही?" मग म्हणाले, "असं असेल तर खणा. मी काही पाहिलेलं नाही." त्यांनी पाठ फिरवली आणि फाटकाकडे तोंड करून उभे राहिले. पाऊस भुरभुरत होता. छत्री मात्र त्यांनी मागे, सासूबाईंच्या डोक्यावर येईल अशी तिरकी धरली.

कापलेले देठ गवतात पांढरे दिसत होते. मी सासूबाईंचा हात एकावर नेऊन ठेवला. त्यांनी चहूबाजूंनी माती सैल केली. त्या वयातही त्यांचं खुरपं देठाला लागत नव्हतं. हात आपोआप अंतर राखत होता. शेतात त्यांना असं खणताना मी किती वेळा पाहिलं होतं. माती सैल व्हायची, बोटं खाली जायची, मनगट जायचं, आणि मग त्या हळूच हसायच्या, मूळ लागलं की. इथे बोटंही पुरती गेली नाहीत. त्यांनी देठ उचलला. खाली छोट्या कांद्यासारखी गाठ, तिला चिकटलेली लाल माती. बस. संपलं.

दुसरा काढला. तीच गाठ. तिसरा काढला.

"अजून खाली असंल," दीर म्हणाले. "मूळ तुटलं असंल."

सासूबाईंनी खुरपं त्यांच्याकडे दिलं. त्यांनी खणलं. लाल माती गेली, मग बिल्डरची खडी लागली, मग सिमेंटचे गोळे, फरशीचा तुकडा. दीर कपाळावरचं पाणी पुसत खणत राहिले. मग खुरपं खणकन वाजलं. त्यांनी बाजूला मारलं, तिथेही खणकन.

"पाण्याची टाकी आहे खाली," सेक्रेटरी पाठमोरेच म्हणाले. "नकाशात दाखवली आहे. चांगली खोल आहे." थोडं थांबून, जरा हलक्या आवाजात म्हणाले, "टाकीसाठी खणलं तेव्हाच गेलं असणार, जे काही होतं ते."

दीर ओल्या गवतात बसून राहिले. मला वाटलं आता रडतात की काय. 

"ऊठ," सासूबाई म्हणाल्या. "धोतर भिजतंय."

"धोतर कुठंय आई, लेंगा हाय."

"मग लेंगा भिजतोय. ऊठ."

ते उठले. खड्डा त्यांनीच बुजवला, गवताचा तुकडा वर बसवला, हाताने थोपटला. सेक्रेटरींनी वळून बघितलं आणि म्हणाले, "उजवीकडे वर आलंय जरा." दिरांनी उजवीकडे दाबलं. वर येऊन पिशवी ओल्या कचऱ्यात टाकली आणि पिठलं-भाकरी जेवले. दोन भाकऱ्या खाल्ल्या.

मला सासूबाईंचं पुष्कळ गोष्टींत कौतुक वाटायचं. अळंबीतलं त्यांचं ज्ञान तर होतंच. पण माझ्या मनात राहिलं ते खणायला उतरण्याआधीचं 'सांगता येत न्हाई'. मुलगा समोर आशेने उभा, स्वतःच्या तोंडाला पाणी सुटलेलं, जागा स्वतःच्या शेताची, आणि एवढं सगळं एकीकडे ओढत असताना ती बाई म्हणाली की मला माहीत नाही. हो म्हणायला हिंमत लागली नसती. नाही म्हणणंही सोपं होतं, आईचा धाक वापरला की झालं. त्यांनी दोन्ही केलं नाही. जे हाताला कळलं तेवढंच बोलल्या आणि उरलेलं बघायला पावसात उतरल्या. शिकलेली, न शिकलेली, पुष्कळ माणसं मी पाहिली. असं बोलणारी फार थोडी.

पिशवी टाकण्याआधी सासूबाईंनी त्यातली एक अळंबी मागून घेतली होती. देठ काढून टाकला, छत्री चुण्यांवर पालथी घालून स्टीलच्या ताटात ठेवली आणि वर पातेलं झाकलं.

"हे कशाला आत्या?" मी सासूबाईंना विचारलं.

"आज गप बसलाय त्यो. उद्या मनात म्हनंल, म्हातारी भ्याली आन् टाकाया लावली. मग पुढल्या पावसात वारुळाच्या नादानं कुटंतरी गपचिप खाऊन यील. ऱ्हाऊ दे झाकलेलं."

सकाळी त्यांनी दिरांना खाली बोलावलं. पातेलं काढलं, छत्री उचलली. ताटात झडलेल्या बारीक भुकटीने चुण्यांचं नक्षीकाम उमटलं होतं, एकसारखं, चाकाच्या आऱ्यांसारखं. रंग हिरवा. शिळ्या भाकरीवरच्या बुरशीचा असतो तसा मळका हिरवा. छत्रीच्या चुण्याही रात्रीतून हिरवट पडल्या होत्या.

"माझ्या आईनं दावलं व्हतं," सासूबाई म्हणाल्या. "जी हिरवी राख पाडती ती आतडी बाहेर काढती. आमच्या गावात एक सगळं घर आडवं झालं व्हतं. वाचली माणसं, पण महिनाभर त्यांच्यात जीव न्हवता."

दीर वाकून बघत राहिले. "आणि आपली?"

"आपली गुलाबट पाडती. गव्हाच्या कोंड्यावानी."

"मला कधी दाखवलं नाहीस."

"तू फकस्त जेवायला यायचास."

दीर ताट उचलून मोरीपाशी गेले, साबण लावला, घासलं, विसळलं, पुन्हा घासलं. आमच्या घरातल्या पुरुषाने ताट घासलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. निथळतं ताट त्यांनी आईपुढे धरलं. सासूबाईंनी कडेने बोट फिरवलं.

"हितं ऱ्हायलीया," त्या म्हणाल्या.

त्यांनी परत घासलं.